फी तर भरली, पण...

नवऱ्याची बदली झाली म्हणून सांगलीहून मारतहळ्ळीला आलेल्या त्या कुटुंबाने मुलीला पहिलीत घालताना हिशेब अगदी चोख केला होता. माहितीपत्रकात वर्षाची फी १,२०,००० रुपये. महिन्याला दहा हजार बाजूला टाकायचे, झाले!

एप्रिलमध्ये शाळेचे पत्र आले आणि तिच्या हातातला चहा तसाच निवला. परत न मिळणारे प्रवेशशुल्क ५०,०००. रिंग रोडच्या त्या गर्दीत सहा वर्षांच्या पोरीला रिक्षाने धाडायचा धीर होईना, म्हणून शाळेची बस, ३६,०००. पुस्तके, दोन गणवेश, खेळाच्या तासाचा तिसरा आणि त्याचे पांढरे बूट, सगळे ठरलेल्या एकाच दुकानातून, १४,०००. सहल नि स्नेहसंमेलन ८,०००. त्यात कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळेत कन्नड आलेच, आणि घरात कन्नडचा गंध नाही! शेजारच्या बाईंची शिकवणी, दहा महिन्यांचे १५,०००. बेरीज २,४३,०००. दुपटीहून जास्त!

"अहो, एवढे आणायचे कुठून?" तिने विचारले. नवरा गप्प. सासूबाई उठल्या, हातातल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि आत निघून गेल्या. पाटल्या बँकेत गहाण पडल्या. त्या रात्री कोणी नीट जेवले नाही.

पुढच्या वर्षी मात्र तिने जानेवारीतच शाळेच्या कार्यालयात जाऊन प्रत्येक बाब लेखी मागितली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जाहीर फीव्यतिरिक्त देणगी घेणे गुन्हा आहे, दंड दहापटीपर्यंत. पण पावती न मागणाऱ्याला कायद्याचा काय उपयोग? प्रवेशशुल्क वजा जाता १,९३,०००, त्यावर दहा टक्के वाढ धरून २,१२,३००; म्हणजे दरमहा सुमारे १७,७००. एवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात. प्राप्तिकराची सवलत मिळते तीही जुन्या करपद्धतीत आणि केवळ ट्यूशन फीवर. बसचा नि गणवेशाचा खर्च त्यात बसत नाही, हे नवऱ्याला तेव्हा कळले. पुस्तके वरच्या मजल्यावरच्या मुलीची घेतली. लेक आधी रुसली, मग त्यातली रंगवलेली चित्रे पाहून खूश झाली.

दुसऱ्या दिवाळीला बोनस आला आणि पाटल्या सुटल्या. सासूबाईंनी त्या हातात घातल्या नाहीत. फडक्यात बांधून कपाटात ठेवत म्हणाल्या, "राहू दे गं सूनबाई, आठवीला लागतील."