गज्जाची वाट

यरुशलेमहून गज्जाकडे जाणारी ओसाड वाट, फिलिप, रथातला कूशी अधिकारी: प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय आम्ही मुलांना शिकवत होतो. मागच्या बाकावरून आजोबा म्हणाले, "गज्जा म्हणजे गाझा. तिथली वाळू खाल्लीय मी."

१९५६ साली उभ्या राहिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान होते. त्यांतले ते एक. सुरुवातीला भातात वाळू, अंथरुणात वाळू. दिवसा सीमारेषेवर पहारा, रात्री पायी गस्त. गोळी फक्त स्वतःचा जीव वाचवायला. आठवड्याभरात पत्र आलं: आई गेली. दफन होऊन महिना उलटला होता. गस्त मात्र चुकली नाही.

एका मुलीनं विचारलं, "तिथं तुम्हाला फिलिप भेटला?"

आजोबा थांबले. "एक माळकरी हवालदार होता. रात्रभर माझ्या बाजूनं चालला. बोलला काहीच नाही."

आम्ही पुस्तक मिटलं.