तांबडी शाई, निळी शाई

उत्तरपत्रिकेवर परीक्षार्थ्याचें नांव नसावें, ही रीति आम्हांस प्रथमपासून पसंत आहे. नांवावरून जात, गांव आणि कधीं कधीं बापाचा हुद्दाहि कळतो. काळ्या रेघांच्या चिठ्ठीवरून कांहींच कळत नाहीं. मात्र त्या रेघा वाचणारें यंत्र पाहतें कसें, हा प्रश्न जन्मभर इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या आम्हांस कधीं पडला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यांत धाराशिवास उत्तरपत्रिका तपासण्यास बसलों असतां आमच्या गठ्ठ्यांतील एक पत्रिका कांहीं केल्या यंत्रास वाचतां येईना. रेघांखालचे आंकडेहि शाईंत बुडालेले. कारकुनानें ती बाजूस ठेविली. गुण आम्हीं दिलेले. पण चिठ्ठी वाचली न गेल्यास परीक्षार्थी गैरहजर ठरावयाचा! पाहतों तों चिठ्ठीवर आमच्याच तांबड्या लेखणीचा एक लांब फराटा. आमच्या पोटांत धस्स झालें.

पदार्थविज्ञानाचे आमचे स्नेही हंसले. हातांत धरावयाच्या या यंत्राचा उजेड तांबडा असतो. पांढरा कागद तो परत फेंकतो, काळी रेघ गिळते, आणि परतलेल्या उजेडाच्या चढउतारावरून आंतील नेत्र रेघांची रुंदी ओळखतो. तांबडी शाई तो उजेड कागदासारखाच परतविते. म्हणून आमचा अपराध यंत्रास दिसतच नाहीं. निळी शाई मात्र तो शोषून घेते, म्हणजे यंत्राच्या लेखीं ती काळीच. घामेजल्या बोटानें फांसलेली निळी शाई रेघांमधील पांढऱ्या फटींत उतरली होती. चुका दाखविणारी शाई अदृश्य आणि उत्तरें लिहिणारी शाई दोषी, हा न्याय आम्हांस मोठा चमत्कारिक वाटला.

रेघा इतक्या उंच कां, हेंहि तेव्हां समजलें. अमेरिकेंतील वुडलँड यांनीं वाळूंत मोर्स लिपीचे ठिपके बोटांनीं खालीं ओढले, त्यांतून ही कल्पना निघाली असें सांगतात. १९५२ सालीं त्यांस व त्यांचे सहकारी सिल्व्हर यांस पेटंट मिळालें. उंचीमुळें एकच मजकूर वरपासून खालपर्यंत लिहिल्यासारखा होतो. कोठेंहि एक स्वच्छ आडवी वाट सांपडली कीं पुरे.

स्नेह्यांनीं यंत्र किंचित् तिरपें धरलें, कारण अगदीं समोर धरल्यास चिठ्ठीची चकाकीच नेत्रांत शिरते. वरच्या कडेला नखाएवढी जागा कोरी होती. तिसऱ्या खेपेस यंत्र वाजलें. बेचाळीस गुण नोंदले गेले.

पूर्वीं अशा किती पत्रिका बाजूस राहिल्या असतील, असें आम्हीं कारकुनास विचारलें. तो पुढच्या गठ्ठ्याची दोरी सोडूं लागला.