वाल छापले, पाणी गाळलं

महिलांचं पान मी चालवलंय. होय, मी. पुरुष. सलग तीन वर्षं.

२००४ सालची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून वसई तालुक्यातल्या एका साप्ताहिकात लागलो. डोक्यात जमिनीचे घोटाळे, नगरपालिका, पोलीस ठाणं. पहिल्याच आठवड्यात हातात आलं महिलांचं पान. ऑफिसात बाई एकच, ती डीटीपी करायची. नवा पोरगा म्हणून पान माझ्या गळ्यात. नाक्यावर मित्र विचारायचे, "काय रे, आज भाजी कुठली?" मलाही लाज वाटायची. खोटं कशाला बोलू.

पाककृती पोस्टानं यायच्या. वहीच्या फाडलेल्या पानावर, कधी किराण्याच्या बिलाच्या मागे. अशीच एक आमच्या कळंबच्या काकींनी पाठवली होती, वालाच्या बिरड्याची. शेवटी दोन ओळी जास्तीच्या होत्या. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय, त्यात वाल शिजत नाहीत, शिजवायला पाणी दुसऱ्या आळीतून आणावं लागतं, असं काहीसं.

मी त्या दोन ओळी कापल्या. खाली साडीच्या दुकानाची जाहिरात होती, जागा नव्हती. आणि रेसिपीत पाण्याचं रडगाणं कशाला, असंही वाटलं. काकींचं नावही कापलं. 'एक वाचक भगिनी' असं छापलं.

पुढे दोनेक वर्षांनी किनाऱ्यालगतच्या विहिरी खाऱ्या झाल्याची बातमी मीच केली. पहिल्या पानावर, नावासकट. त्यात पुढारी होते, अधिकारी होते, 'जाणकार' होते. ज्या बाईनं दोन वर्षं आधी ही बातमी आयती लिहून पाठवली होती, ती कुठेच नव्हती.

हे आज लिहितोय, कारण महिलांच्या पानाला 'हलकं' म्हणायची सवय आपल्याला जुनी आहे. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

१९०६ ते १९१२ या काळात तानूबाई बिर्जे 'दीनबंधु' चालवत होत्या. सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या. पती वासुदेवराव वारले आणि सत्यशोधक चळवळीचं पत्र त्यांनी हाती घेतलं. महिलांचं पान नाही, अख्खं पत्र. देशातल्या पहिल्या महिला संपादक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात ते मी एकदाही ऐकलं नाही.

लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' त्याच काळातलं, १९१० चं. हजार पाकक्रिया. १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघालं, तेही शंकरराव किर्लोस्करांनी काढलं. म्हणजे बायकांचं पान पुरुषानं चालवायची रीत माझ्यापासून सुरू झालेली नाही! विद्या बाळ १९६४ पासून 'स्त्री'त काम करत होत्या, संपादक झाल्या १९८३ मध्ये. पुढे १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं.

आणि कमलाबाई ओगले. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये किर्लोस्करांनीच छापलं. वाटी-चमच्याचं माप, साधी भाषा. लाखाच्या वर प्रती गेल्या. मराठीत किती कादंबऱ्यांच्या नशिबी हे आलं?

'रुचिरा' घराघरात पोचत होतं त्याच सुमारास, १९७२ मध्ये, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणलं. हातात काय होतं? लाटणं आणि थाळी. तेल, साखर, रॉकेल, रेशन. सगळे स्वयंपाकघरातलेच विषय. ताटात काय नाही हे सरकारच्या आधी बाईला कळतं, एवढं साधं आहे ते.

अमेरिकेतही हेच. न्यूयॉर्क टाइम्समध्ये जेन निकर्सन या बाई १९४२ पासून खाद्यविभागाच्या संपादक. ऐन महायुद्धाचा काळ. साखर मोजून, मांस मोजून. म्हणजे रेसिपीचं पान हे टंचाईचंच पान होतं. १९५७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, जागी क्रेग क्लेबोर्न आले. नाव जगभर झालं ते क्लेबोर्न यांचं. १९६९ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं महिलांचा विभाग बंद करून 'स्टाइल' सुरू केला. पुढे आपल्याकडेही पुरवण्यांनी तेच वळण घेतलं. बायकांची पत्रं कमी झाली, क्रीम आणि दागिने वाढले.

आता तर आमच्या भागातल्या छोट्या पत्रांत महिलांचं पानच उरलेलं नाही. आठ मार्चला एक गुलाबी पुरवणी निघते. पहिल्या पानावर नगरसेवकाची शुभेच्छांची जाहिरात, आत नेटवरून उचललेली रेसिपी. बाईचं नाव नाही, गाव नाही, विहीर नाही. बिरड्याला लागणारं पाणी कुठून येतं हा प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नाही.

गेल्या आठवड्यात त्या काकींना भेटायला गेलो. वय अठ्ठ्याहत्तर. अंगणात सुकवायला बोंबील घातले होते, कावळे हाकत बसल्या होत्या. म्हटलं, काकी, आठवतं का ते बिरडं? उठल्या, आतून वही आणली. त्यात माझं कात्रण चिकटवलेलं, पिवळं पडलेलं. खाली पेनानं स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं.

म्हणाल्या, "वाल छापलेस रे बाबा, पाणी मात्र गाळलंस."

काय बोलणार? मी म्हटलं, आता लिहितो, तुमच्या नावानिशी लिहितो. त्यावर हसल्या. "आता माझं नाव कशाला? पाण्याचं लिही."

म्हणून ही दुरुस्ती, वीस वर्षं उशिरानं: कळंबच्या एका वाचक भगिनीनं कळवलं होतं की त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आहे आणि त्यात वाल शिजत नाहीत. ही ओळ अनवधानानं नव्हे, मी मुद्दाम गाळली होती. पाणी आजही मचूळच आहे. परवा मी चाखून आलो.

तुमच्या आळीत काय शिजत नाही, ते कळवा. जागा आहे.