बर्फाचे वजन

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसाट नावाचे गाव आहे. तिकडच्या भाषेत इलुलिसाट म्हणजे हिमनग. नाव अगदी सार्थ! रंगीत लाकडी घरे, बाहेर साखळीने बांधलेली गाडीची कुत्री, आणि समोरच्या पाण्यात तरंगणारे निळसर पांढरे डोंगर. किनाऱ्यावरच्या खडकावर बसून मी ते पाहत राहिलो. मधूनच तोफेसारखा आवाज होई आणि एखादा कडा पाण्यात कोसळे.

हे हिमनग म्हणजे नुसते चुरे. मूळ राशी पूर्वेला पसरलेली आहे. काही ठिकाणी तिची जाडी तीन किलोमीटरांहून अधिक. एवढे ओझे तोलायचे कोणत्या तराजूत?

तराजू आकाशात आहे. २००२ साली अमेरिका आणि जर्मनीने ‘ग्रेस’ नावाचे जुळे उपग्रह सोडले. सुमारे २२० किलोमीटरांचे अंतर ठेवून ते एकामागून एक धावत. पुढचा बर्फाच्या राशीजवळ आला, की तिच्या ओढीने किंचित पुढे सरके. मग मागचाही ओढला जाई. अंतरातला हा फरक केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म, पण तो मोजला जाई. महिन्यामागून महिने ओढ कमी होत गेली, तर बर्फ घटला हे उघडच. ती जोडी २०१७ साली थांबली. २०१८ साली तिच्या जागी दुसरी आली.

या राशीचेही पासबुक आहे म्हणा ना! हिवाळ्यात हिम जमा, उन्हाळ्यात खर्च. २००२ पासूनचा मेळ असा, की वर्षाकाठी सरासरी २५० अब्ज टनांहून अधिक तूट. सुमारे ३६० अब्ज टन बर्फ वितळला, की जगाचा समुद्र एक मिलिमीटर चढतो.

आणि गंमत पाहा. ही राशी आपल्या ओढीने भोवतालचा समुद्रही जवळ धरून ठेवते. ती हलकी झाली, की ग्रीनलंडच्या किनाऱ्याचे पाणी उलट खाली जाते, आणि वाढीचा भार दूरच्या किनाऱ्यांवर पडतो. बर्फ वितळायचा इलुलिसाटला, पाणी चढायचे आपल्याकडे!

भर पावसाळ्यात, उधाणाच्या दिवशी, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाट अंगावर येते आणि मुलेबाळे हौसेने भिजतात. त्या पाण्यात ग्रीनलंडचाही वाटा आहे. लहानसा, पण नीट तोललेला.