अळ्यांची साथ

‘साथ’ हा शब्द कानी पडताच मनुष्याच्या मनात प्रथम भीती उभी राहते. हुबळी-धारवाडच्या जुन्या घराण्यांतून १८९८ च्या प्लेगच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. २०२० सालची करोनाची साथ तर आपण सर्वांनीच अनुभवली. एखाद्या साथीची कोणी आतुरतेने वाट पाहत असेल, हे म्हणूनच सहसा खरे वाटणार नाही. परंतु अशी वाट पाहणारे शेतकरी आहेत, आणि एका हिवाळ्यात त्यांच्यासमवेत आम्हां भावंडांनीही ती पाहिली आहे.

आमच्या मामांचे शेत नवलगुंदच्या वाटेवर, काळ्या जमिनीत आहे. पावसाळ्याची ओल धरून ठेवणाऱ्या या मातीत थंडीच्या दिवसांत हरभरा चांगला पिकतो. मात्र घाटे धरू लागले की घाटेअळीही हजर होते. एका मातकट रंगाच्या, क्षुद्र दिसणाऱ्या पतंगाची ही संतती. घाट्याला वाटोळे भोक पाडून, अर्धे अंग आत आणि अर्धे बाहेर ठेवून ती दाणा फस्त करते. तूर, टोमॅटो, कापूस, काहीच तिला वर्ज्य नाही. १९७२ साली धारवाडच्या संशोधन केंद्रातून ‘वरलक्ष्मी’ हा प्रसिद्ध संकरित कापूस बाहेर पडला. पुढे देशभर कापसावर विषारी औषधांच्या फवारण्या वाढत गेल्या आणि अळी ती विषे पचवू लागली. मनुष्याला मात्र ती पचली नाहीत. मामांकडील एक गडी फवारणी करता करता चक्कर येऊन सरीतच कोसळला होता. तो वाचला, परंतु ती संध्याकाळ मामी अजून विसरलेल्या नाहीत.

म्हणून त्या वर्षी मामांनी निराळा उपाय योजला. धारवाडला १९४७ साली कृषी महाविद्यालय निघाले आणि १९८६ साली कृषी विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. तेथील जाणत्यांकडून त्यांनी घाटेअळीच्या विषाणूची माहिती मिळविली होती. द्रावणात थोडा गूळ आणि थोडी नीळ घालून, ऊन उतरल्यावर त्यांनी फवारणी केली. कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी हा विषाणू लवकर निकामी होतो. फवारणी आटोपल्यावर मामा आम्हांस म्हणाले, “विषारी औषध मारलं की दुसऱ्या दिवशी अळी मेलेली दिसते. इथं तसं नाही बघा. चार-सहा दिवस ती आपल्या डोळ्यांदेखत खातच राहणार. धीर पाहिजे.”

मामांचा हा धीर कशाच्या आधारावर होता? पतंग व फुलपाखरे यांच्या अळ्यांना ग्रासणारे हे विषाणू आखूड काडीसारखे असतात. अशा कित्येक काड्या प्रथिनाच्या एका स्फटिकात जणू डबीत बंद करून ठेवलेल्या असतात. अळी पानाबरोबर ही डबी गिळते. अळीच्या आतड्यातील रस तीव्र अल्कधर्मी असतो. त्यात डबी विरघळते, विषाणू मोकळे होतात आणि पेशींच्या केंद्रकांत शिरून आपली संख्या वाढवितात. अळी मंद होते, फिकट पडते, झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांनी उलटी लटकून मरते. तिची पातळ झालेली कातडी फुटून आतला द्रव खालच्या पानांवर ठिबकतो. ती पाने दुसऱ्या अळ्या खातात, आणि साथ पसरते. एका मोठ्या मृत अळीत सुमारे ६ अब्ज स्फटिक असतात, असा हिशेब शास्त्रज्ञ धरतात. शेंड्याकडे चढण्यामागेही विषाणूचाच हात असतो. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी दुसऱ्या एका पतंगाच्या अळ्यांत असे दाखविले की, विषाणूतील एक जनुक अळीची कात टाकण्याची क्रिया रोखते आणि तिला वरच राहावयास लावते.

सहाव्या दिवशी आम्ही शेतात गेलो, तेव्हा शेंड्याशेंड्यांवर काळसर अळ्या लोंबत होत्या. सर्वच मेल्या होत्या असे नव्हे. फवारणीच्या वेळी ज्या मोठ्या झाल्या होत्या, त्यांपैकी कित्येक जिवंत होत्या आणि पुष्कळ घाटे पोखरले गेले होते. मामांनी मेलेल्या अळ्या बाटलीत गोळा केल्या, पाण्यात कुसकरल्या, फडक्यातून गाळल्या आणि तेच पाणी उरलेल्या पिकावर फवारले. त्या वर्षी पीक सोळा आणे आले नाही. परंतु ते पदरात पडले, आणि फवारणीपायी कोणाला अंथरूण धरावे लागले नाही.

या विषाणूला दयाळू म्हणावे काय? रामनगरच्या बाजारात कोश नेणाऱ्या शेतकऱ्यास विचारा! याच कुळातील दुसरा विषाणू रेशमाच्या किड्याला ग्रासरी रोग जडवितो. त्यात किड्याच्या अंगातील द्रव दुधासारखा पांढरा होतो. म्हणून कन्नडात या रोगाच्या नावात ‘हालु’ म्हणजे दूध हा शब्द आला आहे. इटलीतील मायेस्त्री आणि कोर्नालिया यांना १८५६ साली रोगी रेशीमकिड्यांच्या अंगात हे चकाकणारे स्फटिक प्रथम दिसले, ते या रोगाचा शोध घेत असतानाच. एकाच्या घरी जे संकट, तेच दुसऱ्याच्या शेतात साहाय्य.

विषाणूला ना दया, ना द्वेष. त्याच्या ठायी एक मर्यादा मात्र आहे. घाटेअळीचा विषाणू रेशमाच्या किड्याला शिवत नाही, मधमाशीला बाधत नाही आणि मनुष्याच्या अंगात वाढत नाही. विषारी औषधाला ही ओळख नसते. ते अळी, मधमाशी आणि फवारणारा गडी यांना एकाच मापाने मोजते. ज्याला आपले-परके कळते, अशा मदतनीसाची गती थोडी मंद असली, तरी ती सोसण्याइतका धीर मनुष्याने अंगी बाणवावा. शेतकऱ्याला तो चार-सहा दिवस लागतो. आणि तेवढे दिवस डोळ्यांदेखत दाणा जाताना पाहणे किती कठीण असते, हे हरभऱ्याची उसळ ताटात घेताना आपण आठवावे.