पंचवीस सराव आणि एक जागा

अमेरिकेत ज्याला नुसते 'फुटबॉल' म्हणतात, तो खेळ मराठी वाचकाच्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा, चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारायची आणि ती जमली नाही तर चेंडू प्रतिपक्षाला सोडायचा, हे त्याचे मूळ सूत्र होय. सर्वोच्च श्रेणीतील विद्यापीठ संघ आज नियमित हंगामात १२ सामने खेळतो. त्याआधी ऑगस्ट महिन्यात त्याला २५ सराव-सत्रांची परवानगी असते आणि या सत्रांना मिळून 'फॉल कॅम्प' असे म्हणतात. म्हणजे सामन्यांच्या दुपटीहून अधिक सत्रे पहिल्या सामन्याआधीच होऊन जातात, आणि कोणता खेळाडू पहिल्या अकरात उभा राहणार व कोणता कडेला, याचा निर्णय बहुतांशी तिथेच लागतो. पुण्याहून क्रीडाविज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या प्रस्तुत लेखकाने अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका विद्यापीठाच्या संघाबरोबर विद्यार्थी-साहाय्यक म्हणून असे दोन ऑगस्ट घालवले. सकाळी वजनांची नोंद ठेवणे आणि सरावात कोणत्या खेळाडूला किती वेळा संधी मिळाली याची मोजदाद करणे, ही दोन कामे त्याच्याकडे होती. पुढील विवेचन मुख्यतः त्या मोजदादीतून निघालेले आहे.

या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी 'डेप्थ चार्ट' नावाचा तक्ता असतो. मैदानावरील प्रत्येक जागेपुढे खेळाडूंची नावे पसंतीच्या क्रमाने लावलेली असतात. पहिल्या ओळीतील खेळाडूंना बोलीत 'वन्स' आणि दुसऱ्या ओळीतील खेळाडूंना 'टूज' म्हणतात, आणि जिथे प्रशिक्षकाचा निर्णय व्हायचा असतो तिथे दोन नावांच्या मध्ये 'ऑर', म्हणजे 'किंवा', एवढाच शब्द छापला जातो. या एका शब्दामुळे दोन घरांतील माणसांची झोप उडालेली असते. क्रिकेटमधील बारावा गडी क्षेत्ररक्षणाला उतरतो, पण त्याला फलंदाजी वा गोलंदाजी करता येत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये असे बंधन नाही, कोणताही राखीव खेळाडू कोणत्याही दोन चालींच्या मध्ये आत येऊ शकतो. ही मोकळीक मात्र मुळापासून नव्हती. १९५३ मध्ये बदली खेळाडूंवरील निर्बंध पुन्हा कडक झाले होते आणि तेच खेळाडू आक्रमण व बचाव दोन्ही करीत. हे निर्बंध १९६५ पर्यंत पूर्णपणे उठल्यावर आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा अशा स्वतंत्र तुकड्या उभ्या राहिल्या आणि लढण्याजोग्या जागांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. १९७२ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही मुख्य संघातून खेळण्याची मुभा मिळाली. पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतील अशी पात्रतेची अट असल्याने एखादा हंगाम बाहेर बसून राखून ठेवण्याची 'रेडशर्ट' नावाची रीत रूढ झाली. परिणामी एकाच जागेसाठी अठरा वर्षांचा नवखा मुलगा आणि बावीस-तेवीस वर्षांचा मुरलेला गडी खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

ऑगस्टचे ऊन हा या स्पर्धेतील तिसरा पक्ष होय. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट यांनी १९५४ मध्ये आपला संघ जंक्शन या दुष्काळी गावी नेऊन दहा दिवस जे शिबिर घेतले, ते या परंपरेतील सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण आहे. गेलेल्या खेळाडूंपैकी बहुसंख्य मध्येच निघून गेले, उरलेल्यांना सरावात पाणी नाकारले जाई, आणि तहान सोसणे म्हणजेच कणखरपणा अशी त्या काळची समजूत होती. त्या वर्षी संघाने दहापैकी नऊ सामने गमावले. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, तो आपल्या विभागाचा विजेता ठरला, आणि म्हणून पुढे अनेकांनी त्या शिबिराचे गोडवे गायले. हा निष्कर्ष मान्य करता येत नाही. शिबिर सोडून गेलेल्या मुलांमध्ये किती गुणी खेळाडू होते याचा हिशेब कोणीच ठेवला नाही, आणि तहान ही कौशल्याची कसोटी नसून केवळ शरीराच्या सहनशक्तीशी केलेली पैज आहे. आजचे नियम या जाणिवेपर्यंत फार उशिरा पोहोचले. २००३ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा महासंघाने, म्हणजे एनसीएएने, शरीर उन्हाला सरावावे यासाठी पाच दिवसांचा टप्पा सक्तीचा केला, त्यात आधी नुसते शिरस्त्राण, मग खांद्यांचे कवच आणि शेवटी पूर्ण पोशाख असा क्रम ठरवून दिला. २०१७ मध्ये एकाच दिवशी दोन पूर्ण सराव घेण्याची जुनी प्रथा बंद झाली, आणि २०२१ मध्ये हा टप्पा सात दिवसांचा करून दोन खेळाडूंनी समोरासमोर धावत एकमेकांवर आदळायचे व्यायाम वर्ज्य ठरवले गेले. त्याआधी, पहिले दोन बदल झालेले असतानाही, २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी दगावला. त्याला वेळीच थंड पाण्यात बुडवण्याचा उपचार मिळाला नव्हता, हे चौकशीत उघड झाले.

हे सर्व ज्याला ठाऊक आहे त्याला वजनकाट्याचे काम क्षुल्लक वाटत नाही. सत्रापूर्वी आणि सत्रानंतर प्रत्येक खेळाडू काट्यावर उभा राहतो, दोन आकड्यांतील फरक म्हणजे त्याने घामावाटे गमावलेले पाणी, आणि ते भरून आले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला मैदानावर सोडले जात नाही. सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे आघाडीचे खेळाडू दमट सकाळी तीन किलोपर्यंत उतरलेले प्रस्तुत लेखकाने नोंदवले आहेत. काट्यावर चढण्याआधी गुपचूप दोन बाटल्या पाणी पिऊन आकडा सावरणारी मुलेही त्यात होती, कारण एक दिवस बाहेर बसणे म्हणजे काय, हे प्रत्येकाला नेमके कळत होते.

ते कळण्यासाठी 'रेप' ही संज्ञा समजून घ्यावी लागते. एखादी चाल सुरुवातीपासून शिट्टी वाजेपर्यंत एकदा करून पाहणे म्हणजे एक रेप, मराठीत म्हणायचे तर एक आवृत्ती. सराव-सत्र भोंगा वाजवून पाच-पाच मिनिटांच्या भागांत विभागलेले असते. कोणत्या भागात कोणत्या चाली कोणत्या तुकडीने करायच्या हे आदल्या रात्रीच कागदावर उतरवलेले असते, त्यामुळे आवृत्त्यांचे वाटप हा मैदानावर आपोआप घडणारा प्रकार नसून कोणीतरी बसून घेतलेला निर्णय असतो. 'सगळ्यांना समान संधी आहे, जो चांगला खेळेल तो उतरेल' हे वाक्य प्रत्येक संघात पहिल्याच बैठकीत उच्चारले जाते आणि उच्चारणारे ते मनापासूनच म्हणतात. मात्र पहिल्या दोन-तीन सत्रांनंतर 'वन्स'ना अधिक आवृत्त्या मिळू लागतात. पहिला सामना जवळ येत असतो आणि खेळणार असलेल्यांना तयार करणे भाग असते, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे. पण इथूनच स्पर्धेचे माप वाकडे होऊ लागते.

आघाडीच्या फळीतील उजव्या 'गार्ड'च्या जागेवरून हे सर्वांत स्पष्ट दिसले. आक्रमणाच्या फळीत मधोमध 'सेंटर' उभा असतो, जो चेंडू दोन्ही पायांमधून मागे देतो. त्याच्या दोन्ही हातांना एकेक गार्ड आणि त्यांच्या पलीकडे एकेक 'टॅकल' असतो. सेंटर आणि गार्ड यांनी मिळून समोरच्या एका धिप्पाड बचावपटूला रेटायचे आणि नंतर दोघांपैकी एकाने त्याला सोडून त्याच्यामागे उभ्या असलेल्या 'लाइनबॅकर' या बचावपटूवर चाल करायची, अशी एक नेहमीची युक्ती आहे. कोणी सोडायचे हे आधी ठरत नाही. लाइनबॅकर कोणत्या बाजूला झुकतो ते पाहून अर्ध्या क्षणात ठरते, तोवर दोघांची कंबर एकमेकांना चिकटलेली असावी लागते, आणि शेजाऱ्याच्या खांद्याचा दाब किंचित कमी झाला की दुसऱ्याने सगळा भार आपल्या अंगावर घ्यायचा असतो. हे ज्ञान पुस्तकात मावत नाही, डोळ्यांनीही शिकता येत नाही. ते त्याच शेजाऱ्याबरोबर शेकडो वेळा अंगाला अंग लावून मुरवावे लागते.

या जागेसाठी दोघे झगडत होते. एक दुसऱ्या वर्षाचा, शिष्यवृत्तीवर आलेला, उंच आणि पायांनी चपळ. दुसरा पाचव्या वर्षाचा 'वॉक-ऑन', म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, स्वतः शुल्क भरून संघात राहिलेला. तक्त्यावर दोघांच्या नावांमध्ये 'ऑर' होते. पहिल्या आठवड्यात दोघांच्या आवृत्त्या जवळजवळ सारख्या भरल्या. पहिल्या अंतर्गत सराव-सामन्यानंतर मोठा मुलगा दुसऱ्या तुकडीत, दुसऱ्या सेंटरच्या शेजारी गेला आणि पहिल्या तुकडीबरोबर त्याला दर चार आवृत्त्यांमागे जेमतेम एक मिळू लागली. त्या एका आवृत्तीत तो उशिरा सोडायचा किंवा लवकर सोडायचा, कारण त्याचे अंग आता दुसऱ्याच शेजाऱ्याच्या दाबाशी जुळलेले होते. संध्याकाळी चित्रफितीवर प्रत्येक आवृत्तीला अधिक किंवा उणे असा गुण दिला जातो. पडद्यावर दिसायचा तो फक्त त्याचा उशीर, त्याच्यापुढे उणेचे चिन्ह लागायचे, आणि त्या चिन्हांच्या बेरजेवरून दुसऱ्या दिवशीच्या आवृत्त्या आणखी घटायच्या. यात कोणी कपट केले नव्हते. प्रशिक्षक तळमळीचा माणूस होता, तरुण खेळाडूही प्रामाणिकपणे राबत होता. पण ज्या मापाने मोठा मुलगा कमी ठरला ते माप त्याला कमी मिळालेल्या संधीतूनच तयार झाले होते, आणि मोजदादीचा कागद हातात असलेल्याला हे दिवसेंदिवस आकड्यांत दिसत होते. असे असूनही रोज सत्र संपल्यावर हाच मुलगा त्या तरुणाला बाजूला घेऊन, स्वतः सेंटरच्या जागी उभा राहून, दाब कधी सुटतो ते खांद्याने दाखवत असे. आपली जागा ज्याच्याकडे चालली आहे त्यालाच आपली विद्या देण्याचे हे औदार्य प्रस्तुत लेखकाने इतरत्र क्वचितच पाहिले आहे.

हाच न्याय मोठ्या नावांनाही लागू पडतो. जो बरो हा ओहायो स्टेट विद्यापीठाचा 'क्वार्टरबॅक', म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा सूत्रधार, २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरावात फेकीच्या हाताचे हाड मोडून बसला. त्याच्या अनुपस्थितीत ड्वेन हॅस्किन्स दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि नोव्हेंबरमध्ये मिशिगनविरुद्ध मुख्य खेळाडू जायबंदी झाल्यावर मैदानात उतरून सामना जिंकून देण्याची संधी हॅस्किन्सला मिळाली. पुढच्या वर्षी बरोने लुइझियाना स्टेट विद्यापीठ गाठले, आणि २०१९ च्या हंगामात ६० 'टचडाउन' फेकी (म्हणजे प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे चेंडू पोहोचवून गुण मिळवणाऱ्या फेकी), सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक आणि अपराजित राष्ट्रीय विजेतेपद एवढे सगळे त्याच्या नावावर जमा झाले. हॅस्किन्सही अस्सल गुणवान होता, त्यामुळे ओहायो स्टेटची निवड चुकली असे म्हणता येणार नाही. बरोच्या गुणवत्तेविषयी डेप्थ चार्टवरील क्रम जे सांगत होता ते मात्र अपुरे होते, एवढे निश्चित.

बरोप्रमाणे दुसरीकडे जाणे आता सोपे झाले आहे. २०१८ च्या ऑक्टोबरपासून 'ट्रान्सफर पोर्टल' ही नावनोंदणीची व्यवस्था आली आणि २०२१ नंतर विद्यापीठ बदलल्याबद्दल वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने संपली, त्यामुळे आवृत्त्या आटलेला खेळाडू हंगामाअखेर निघून जाऊ शकतो. शिष्यवृत्तीधारकांना याचा लाभ अधिक मिळतो. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार संघातील खेळाडूंची संख्या १०५ वर मर्यादित झाली, आणि त्याची झळ सर्वांत आधी वॉक-ऑन मुलांनाच बसली. प्रतिपक्षाच्या चालींची नक्कल करून मुख्य संघाला सराव देणारी 'स्काउट टीम' प्रामुख्याने अशाच मुलांवर उभी असते. फलकावर काढलेली परक्या संघाची आकृती पाहायची, तशी चाल करायची आणि मार खायचा, हे त्यांचे आठवडाभराचे काम. ज्या संघांनी या मुलांना खर्चाची बाब मानले त्यांना आपला सराव कोणाच्या अंगावर उभा आहे याचा विसर पडला, असे म्हणणे भाग आहे.

आवृत्त्यांची मोजदाद प्रत्येक चांगल्या संघात होतेच. प्रश्न ती कोणी पाहायची हा आहे. खेळाडूचे गुण लावताना त्याच्या आवृत्त्या किती, कोणत्या तुकडीबरोबर आणि कोणत्या शेजाऱ्याबरोबर झाल्या, हे त्याच कागदावर शेजारी लिहिले आणि तो कागद त्याच्या हाती दिला, तर निर्णय कदाचित तोच राहील, पण मुलाला तो कशावरून झाला हे तरी कळेल. महाराष्ट्रातील शालेय आणि महाविद्यालयीन क्रिकेट संघांच्या प्रशिक्षकांनीही यावर विचार करावा, अशी आग्रहाची विनंती आहे. निवडीच्या दिवशी धावा मोजण्याआधी, महिनाभर जाळीत कोणाला किती चेंडू खेळायला मिळाले आणि अंधार पडू लागल्यावर कोणाच्या वाट्याला फलंदाजी आली, याची एक वही ठेवावी. त्या विद्यापीठात दोन ऑगस्टमध्ये मिळून पन्नास सत्रांचे तक्ते तयार झाले, ते प्रशिक्षकांच्या खोलीतील फडताळात तारखेवार लावलेले होते, आणि एकाही खेळाडूने त्यांतील एकही पान पाहिलेले नव्हते.