पड

आमच्या घरात सगळ्यांत मान फवारणीच्या वहीला. माल युरोपला जायचा असेल तर कोणत्या तारखेला कोणतं औषध किती मारलं, याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून बागेतून आलं की हात धुवायचे आणि चहाच्या आधी वहीत नोंद करायची. तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण आणि शेरा असे पाच रकाने. यंदा जानेवारीत त्याच वहीच्या शेवटच्या पानावर बायकोच्या अक्षरात एक नोंद सापडली. तारीख: कोरी. प्लॉट: अंदमानातलं नील बेट. औषध: काही नाही. प्रमाण: आठ दिवस. शेरा: एकही पॉइंट बघायचा नाही.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "हे काय?"

"फिरायला नाही जायचं," ती भाकरी उलटत म्हणाली. "पडायला जायचंय."

फिरणं आम्हाला नवं नाही. सहलीच्या बसचं सहा-सात-आठ आम्हाला पाठ आहे: सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. दिवसाला पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, त्यातली दहा फोटोत आणि पाच मोजदाद करण्यात. परत आल्यावर पारावर पहिला प्रश्न ठरलेला, "काय काय पाहिलं?" देवाला गेलो तरी तीच गत. वणीला गेलोच आहोत तर येताना अमुकही करून घेऊ. सहलीहून आलो की सहलीचा शीण काढायला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस कधी मिळत नाहीत.

तरी आठ दिवस समुद्राकडे बघत नुसतं बसायचं, हा बेत विंचूरच्या माणसाला झेपणारा नव्हे. हे गावच बसणाऱ्यांचं नाही. ज्यांच्या नावाला गाव चिकटलं ते विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर लढून परतलेले सरदार. त्यांच्या घोड्यांचं खोगीर किती दिवस उतरत असेल कोण जाणे. आता घोडे नाहीत, ट्रॅक्टर आहेत. झुंजूमुंजू व्हायला कांद्याच्या ट्रॉल्या बाजाराकडे निघतात, महामार्गावरच्या गाड्या रात्रभर थांबत नाहीत, आणि लासलगाव हाकेच्या अंतरावर असल्यामुळे सकाळी भाव कळेपर्यंत कुणाचा घास नीट उतरत नाही. निफाड तालुक्याची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा फारच खाली आला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आम्ही रात्री बागेत शेकोट्या पेटवतो आणि ठिबकचं पाणी सोडतो. त्यात एखाद्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असली की झोप म्हणजे मोटार सुरू करणं आणि बंद करणं यांमधली जागा.

नाशिकच्या ट्रॅव्हल्सवाल्या पोराने कागद पुढे सरकवला. "काका, ॲक्टिव्हिटी कोणत्या टाकू? स्कूबा, जेट स्की, काचेच्या तळाची बोट?"

"झोप टाक," बायको म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

नील का, याची तिची कारणं तयार होती. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो, मालदीवला पासपोर्ट. अंदमानातलं हॅवलॉक सुंदर खरं, पण तिथल्या राधानगर किनाऱ्याचं नाव इतकं झालंय की तो पाहिल्याशिवाय आलो तर गाव विचारणार. नील त्यामानाने लहान, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे 37 किलोमीटर. अठराशे सत्तावन्नात अलाहाबादेत क्रूर सूड उगवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव त्या बेटाला होतं; 30 डिसेंबर 2018 रोजी ते बदलून शहीद द्वीप केलं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून उखडलेल्या कुटुंबांना तिथे जमिनी मिळाल्या. तिथल्या वस्त्यांची नावं रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. सूर्योदय सीतापूरला बघायचा, सूर्यास्त लक्ष्मणपूरला. "मधल्या वेळात?" मी विचारलं. "मधला वेळ बघायचा," ती म्हणाली.

आईला सांगितलं तेव्हा तिने निवडणं थांबवून सूप खाली ठेवलं. "काळ्या पाण्यावर? सुखाने?"

तिचं चुकलं नव्हतं. नाशिककराला अंदमान म्हणजे आधी सेल्युलर जेल. सावरकरांचं भगूर आपल्याच जिल्ह्यातलं. जुलै 1911 ते मे 1921 अशी जवळजवळ दहा वर्षं ते त्या तुरुंगात होते, थोरले बंधू बाबारावही तिथेच. सात पाखांचा तो तुरुंग. एका पाखेतल्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या पाखेच्या पाठीकडे, म्हणजे माणसाला माणूस दिसू नये. बैलाच्या जागी कैदी कोलूला जुंपायचा आणि दिवसाकाठी तीस पौंड तेल मागायचं. ज्या बेटांवर माणसाला सक्तमजुरीसाठी नेत, तिथे आपण हात पसरून पडायला जायचं, हे मलाही जरा टोचलं. "जेलला आधी जाऊ," बायको म्हणाली. "माथा टेकू. मग नीलला जाऊ. आणि तिथे गेल्यावर कोलू फिरवायचा नाही, स्वतःच स्वतःला जुंपून." यावर आई काही बोलली नाही, तिने सूप उचललं. तिच्या भाषेत ती परवानगी असते.

प्रश्न उरला तारखेचा. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की बाग मालकाला सोडत नाही. फुटवे, डाऊनीची धास्ती, डिपिंग, विरळणी, भुरी, आणि मार्चपर्यंत एकेक प्लॉटची काढणी. माल उतरता उतरता ढग येतात. या दिवसांतली गार आम्ही पाहिलेली आहे. मग एप्रिलची खरड छाटणी. त्याच सुमारास उन्हाळ कांदा काढायला येतो. कोऱ्या रकान्यात तारीख बसेना.

म्हणून म्हटलं, निदान सराव तरी करू. एका संध्याकाळी ओट्यावर दोन खुर्च्या टाकल्या, मोबाइल आत ठेवले आणि अर्धा तास काहीही न करता बसायचं ठरवलं. तिसऱ्या मिनिटाला मला ठिबकची फिल्टर टाकी आठवली. पाचव्याला समोरच्या तारेवरची घार मी मोजायला लागलो. एकच होती, तरी मोजली. सातव्या मिनिटाला वाटेने जाणारे चुलते थांबले. "काय रे, बरं नाही का?" बरंय म्हटलं तर म्हणाले, "मग बसलास का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे रिकामं बसायला कारण लागतं: ताप, सुतक, नाहीतर पाऊस. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण ऐकत वाढलेल्या माणसाला हात मोकळे दिसले की चोरी केल्यासारखं वाटतं. दहाव्या मिनिटाला मी उठलो, तेव्हा बायको डोळे मिटून बसली होती. बारीक घोरत होती. तिला सरावाची गरज नव्हती.

नीलला माझं काय होणार, हे मला आताच दिसतंय. ते बेट अंदमानची भाजीची परडी म्हणून ओळखलं जातं. मी दुसऱ्या दिवशी कुणातरी बंगाली शेतकऱ्याच्या बांधावर उभा असेन, मोडक्या हिंदीत भेंडीवरच्या अळीबद्दल विचारत. रेंज नसेल म्हणावं तर तीही सोय राहिली नाही. ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राच्या तळातून सुमारे 2,300 किलोमीटरची केबल अंदमानात पोहोचली, तेव्हा लासलगावचा भाव माझ्या मागोमाग येणारच. एकच आशा आहे. घड्याळ दोन्हीकडे तेच, पण सूर्य तिथे आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. मार्चअखेर साडेपाचच्या सुमाराला दिवस संपलेला. अंधारात कुणाच्या बांधावर जाणार? पाळायचं वेळापत्रक एकच, भरती-ओहोटीचं. तेही रोज पाऊण-एक तास पुढे सरकतं आणि त्याला उशीर झाल्याबद्दल कुणी बोलत नाही.

तारीख शेवटी मिळाली ती मुकादमाकडून. सुरगाण्याकडची त्याची टोळी वर्षानुवर्षं आमच्याकडे छाटणीला येते. गेल्या आठवड्यात शेवटचा प्लॉट उतरला, क्रेट भरून गाडी गेली आणि मी लगेच त्याला फोन लावला. म्हटलं, लवकर ये, खरड उरकून घेऊ, मागचं काम मागे नको.

"दादा, आत्ताच माल उतरलाय ना?" तो म्हणाला. "पंधरा-वीस दिवस पडू द्या बागेला."

हे मला ठाऊक नव्हतं थोडंच. चर्चासत्रांतून ऐकलंय, स्वतःही दुसऱ्यांना सांगितलंय: माल गेल्यावर वेलीवर दिसायला काही नसतं, पण राहिलेली पानं अन्न तयार करून खोडात आणि मुळ्यांत साठवतात. त्या विश्रांतीशिवाय कात्री लावली तर डोळे मागेपुढे फुटतात, काडी अशक्त निघते. कांद्याचंही तसंच. उपटला की पात वाळेस्तोवर तो वावरातच पडू द्यायचा, मान कापून आणखी काही दिवस सावलीत ठेवायचा, मगच चाळीत. घाई केलेला कांदा चाळीत सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो. आमच्या घरातले थोरले नाना तर एखादं वावर वर्षभर पड टाकायचे. त्या वावराला कुणी आळशी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी तिथली बाजरी पाहायला माणसं बांधावर थांबायची.

आपणही आडवं व्हायचं झालं की 'जरा पडतो' म्हणतो. मातीचा आणि माणसाचा शब्द एकच. माझ्या कानांना तो फक्त मातीपुरता ऐकू यायचा.

मी वही काढली. शेवटच्या पानावर तारीख भरली: बागेच्या विश्रांतीचे पंधरा दिवस, त्यातले आठ आमचे. 'एकही पॉइंट बघायचा नाही' हा तिचा शेरा तसाच ठेवला, आणि त्याखाली मुकादमाचे शब्द लिहिले: पडू द्या. बायकोने वाचलं, म्हणाली, "आणि भाव?"

"कळेल आल्यावर," मी म्हणालो. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.